वेलींना वाचून दाखवलेला हुकूम

एकदा एक हुकूम झाला. अशा कथांमध्ये एरवी आधी राजा येतो, नाहीतर व्यापारी, नाहीतर नदीकाठी बसलेला एखादा साधू, आणि त्यांच्यामागून उपदेश येतो. इथे हुकूमच आधी आला, कारण पुढे माणसे जी वागली ती त्याच्या धाकाने वागली. हुकूम दिवाणी होता, वडिलोपार्जित मिळकतीचा होता, आणि त्यातले दोनच शब्द ध्यानात ठेवण्यासारखे होते. जैसे थे.

हे दोन शब्द आपण मराठी माणसे येताजाता वापरतो. गुडघा कसा आहे? जैसे थे. पुलाचे काम कुठवर आले? जैसे थे. आणि सासूसुनेचे? ते तर विचारूच नका. आपण हे म्हणतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. न्यायालय मात्र हे शब्द गांभीर्याने उच्चारते. खालच्या न्यायालयाचा निकाल वरच्या न्यायालयाने तात्पुरता थांबवला, की दोन्ही बाजूंना सांगितले जाते, अपिलाचा निर्णय होईपर्यंत मिळकतीची स्थिती जैसे थे ठेवावी. निकाल थांबतो. लोकांना वाटते, त्याबरोबर बाकीचेही सगळे थांबते.

कृष्णेच्या काठच्या एका जिल्ह्याच्या गावी एक वृद्ध वकील होते. स्थगिती हवी असेल तर म्हाताऱ्याकडे जा, असे पक्षकार एकमेकांना बसस्थानकावरच सांगत. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य काम शिकत होता. हुशार होता, कष्टाळू होता, आणि आपल्याला सगळे समजले आहे असे ज्या वयात वाटते त्या वयाचा होता. गुरूला तो साहेब म्हणे. गुरू प्रसन्न असले की त्याला नावाने हाक मारत, आणि रागावले की ‘अहो विद्वान’ म्हणत. पोराने कान टवकारावेत ते या दुसऱ्या हाकेला.

त्यांच्याकडे आदगोंडा नावाचा पक्षकार आला. शहरात त्याचे खतांचे मोठे दुकान होते. गावाकडे वडिलांनी मागे ठेवलेला एक पानमळा होता, आणि त्यावरून त्याचा थोरल्या बहिणीशी, चंपाक्काशी, दावा चालला होता. चंपाक्काचा नवरा तरुणपणीच गेला. तेव्हा वडिलांनी तिला माघारी आणले आणि मळ्यात आपल्या हाताखाली घेतले. वडील थकल्यापासून मळा तीच बघत होती. वडील वारले, सातबाऱ्यावर एकट्या भावाचे नाव चढले, आणि एके दिवशी भावाने निरोप धाडला की मळा विकायचा आहे, आक्काने आपली सोय बघावी.

आक्का भांडणारी बाई नव्हती. पण मळ्याच्या कडेच्या खोलीवाचून तिला दुसरे घर नव्हते, आणि पानांच्या करंड्या बाजाराला धाडण्यावाचून दुसरी मिळकत नव्हती. मळा गेला तर कोणाच्या तरी दारात जाऊन पडायचे, एवढेच उरत होते. म्हणून ती न्यायालयात गेली. वर्षानुवर्षे तारखांना हेलपाटे घालून तिने अर्धा हिस्सा मिळवला. भावाने वर अपील केले. अपिलाचा निर्णय होईपर्यंत वाटणीची अंमलबजावणी थांबवून द्या, एवढेच त्याला वकिलांकडून हवे होते.

नेमके त्याच आठवड्यात वृद्ध वकिलांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. डोळ्यांवर काळा चष्मा, लिहावाचायला मनाई. अर्ज शिष्याने एकट्याने लिहिला. आणि काय लिहिला! ‘कोणत्याही पक्षाने दावा मिळकतीच्या स्वरूपात कोणत्याही प्रकारचा, कसलाही बदल करू नये,’ असे वाक्य त्याने स्वतःच्या अकलेने घातले. युक्तिवादही त्यानेच केला. आदल्या दिवशी त्याने आरशासमोर तो म्हणून पाहिला होता, हे त्याच्या आईने नंतर शेजाऱ्यांना सांगितले. न्यायालयाने निकाल थांबवला आणि त्याचे ते वाक्य जसेच्या तसे हुकमात उचलले.

आदगोंडा पेढे घेऊन आला. शिष्य हुकमाची नक्कल घेऊन गुरूंच्या खोलीत गेला. गुरू खाटेवर उशीला टेकून बसले होते.

“वाच,” ते म्हणाले.

शिष्याने खणखणीत आवाजात वाचले. ‘कोणत्याही प्रकारचा, कसलाही’ हे शब्द आले तसा गुरूंनी हात वर केला.

“हे कोणाचं?”

“माझं, साहेब. कोर्टानं एक अक्षर बदललं नाही.”

गुरूंनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. परत बशीत ठेवला. मग म्हणाले, “उद्या त्या मळ्यात जा. हा हुकूम बरोबर घे. आणि वेलींना वाचून दाखव.”

“कोणाला?”

“वेलींना. पानाच्या वेलींना. सावकाश वाच, त्यांना समजेल असा.”

शिष्याला वाटले, भुलीच्या औषधाचा परिणाम असावा. पण गुरूंचा शब्द मोडायची त्याची पद्धत नव्हती. दुसऱ्या दिवशी तो मळ्यात गेला.

ज्यांनी पानमळा पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. शेवरीच्या नाहीतर पांगाऱ्याच्या उंच झाडांच्या रांगा असतात आणि प्रत्येक झाडावर पानाची वेल चढवलेली असते. आत दाट सावली असते, भर दुपारीही गारवा असतो. आमच्या भागात मळ्यात पादत्राणे घालून कोणी जात नाही. देवळात जावे तसे जातात. शिष्य बूट घालूनच आत शिरला, आणि आतून आवाज आला, “बूट तेवढे भाईर काढा ओ.”

त्याने बूट काढले, मोजे काढले, ओल्या मातीत उभा राहिला आणि हुकूम काढून वाचायला लागला. वाचताना त्याचे त्यालाच हसू येत होते. अर्ध्यावर आला तेव्हा चंपाक्का वेलींतून बाहेर आली. हाताला पानांचा वास, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर भीती. काळा कोट दिसला की खेड्यातल्या माणसाच्या चेहऱ्यावर येते तीच. तिला वाटले, सरकारी माणूस हुकूम बजावायला आला आहे. ती हात जोडून, शेवटपर्यंत, निमूट ऐकत राहिली.

मग तिने विचारले, “म्हंजे काय करायचं मी?”

“काही करायचं नाही,” शिष्य म्हणाला. “आहे तसं ठेवायचं. जैसे थे.”

“पान खुडू का?”

“ते... ते खुडा. ते चालूच आहे.”

“आणि उतरण? थंडी सरली की उतरण करावी लागती.”

उतरण म्हणजे काय हे शिष्याला ठाऊक नव्हते. ते त्याने तिलाच विचारले. वेल झाडाच्या शेंड्याला पोचली की वर्षातून एकदा ती सगळी खाली उतरवायची, तिचा पाने गळालेला उघडा भाग गुंडाळून मातीत पुरायचा, आणि शेंडा पुन्हा झाडाला बांधून द्यायचा. पुरलेल्या भागाला नवी मुळे फुटतात आणि वेल पुन्हा जोमाने चढते. हे ज्याने केले नाही त्याचा मळा म्हातारा होत जातो. आक्काने हे तिच्या शब्दांत सांगितले. शिष्याने ऐकले, आणि त्यातून त्याच्या कानाला चिकटले ते एवढेच, की वेल खाली काढायची, माती खणायची, जागा बदलायची.

“मग तो बदल झाला,” तो म्हणाला. “तो करता येणार नाही. कोर्टाचा अवमान होईल.”

“तुरुंग असतो का त्याला?”

“असू शकतो,” शिष्य म्हणाला. कायद्याने ते खरे होते, आणि खरे बोलल्याचे त्याला समाधानही वाटले.

समोरच्या पक्षकाराला वकिलाने सल्ला द्यायचा नसतो, हे तो पुस्तकात शिकला होता. पण बाई हात जोडून विचारत होती, आणि आपल्याला उत्तर येत होते. एवढ्यावर माणूस बोलून जातो हो. बूट घालून तो निघाला, तेव्हा ती तिथेच उभी राहून वर वेलींकडे बघत होती.

गुरूंनी विचारले, “वाचलास?”

“वाचला.”

“वेली काय म्हणाल्या?”

“काय म्हणणार, साहेब? वेलीच त्या.” शिष्य हसला.

गुरू हसले नाहीत. “आणखी काही?”

“विशेष काही नाही.”

“महिनाभरानं पुन्हा जा,” गुरू म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

इथे कथा सांगणाऱ्याने क्षणभर थांबून गुरूची स्तुती करायची असते. केवढा हा धोरणी वृद्ध, न बोलता शिकवणारा, वगैरे. मी करणार नाही. का ते पुढे गुरूच सांगतील.

महिनाभराने शिष्य गेला नाही. दुसरी कामे होती, दुसऱ्या स्थगित्या होत्या, आणि त्या पहिल्या स्थगितीमुळे त्याचे नाव झाले होते. गुरू एकदोनदा म्हणाले, मळ्यात जाऊन आलास का, आणि तो म्हणाला, जातो. अपिलाच्या तारखा पडत होत्या. एकदा आदगोंडाने मुदत मागितली, एकदा कागद कमी होते, एकदा न्यायाधीश रजेवर होते, मग उन्हाळ्याची सुटी लागली. चंपाक्का प्रत्येक तारखेला यायची, न्यायालयाच्या व्हरांड्यात बसायची आणि पुढची तारीख ऐकून जायची. तिच्या वकिलाला तिने उतरणीचे विचारले होते म्हणतात. तो म्हणाला, तारखेला बघू. बिचाऱ्यावर फार कामे होती, आणि उतरण म्हणजे काय हे त्यालाही माहीत नसावे.

शिष्य मळ्यात गेला तो थेट श्रावणात, आणि तोही शेजारच्या गावात दुसऱ्या कामाला गेला होता म्हणून. या वेळी बूट काढायला त्याला कोणी सांगितले नाही, तरी त्याने काढले. आत गेला आणि त्याला आधी वाटले, आपण चुकीच्या मळ्यात आलो.

वेली झाडांच्या शेंड्यांवरून पलीकडे लोंबत होत्या. खाली वेलींचे नुसते उघडे दोर राहिले होते आणि पाने कुठे तरी वर, बारीक, पिवळट झालेली. सावली फाटली होती. आणि आतल्या एका रांगेत मर लागली होती. मर म्हणजे मुळाचा रोग. पावसात तो येतो, वेल मुळापासून कुजते, आणि तिच्या बाजूच्या वेली वाचवायच्या तर ती उपटून लांब नेऊन जाळावी लागते. आक्का त्या रांगेजवळ बसली होती.

“बरं झालं आलासा,” ती म्हणाली. “मी इचारणारच होते कुणाला तरी. ह्या मेलेल्या तेवढ्या उपटू का? उपटलं तर बदल हुतोय का त्यो?”

शिष्य वाकून त्या वेली बघू लागला. मर शेजारच्या रांगेत शिरली होती, हे त्याला न सांगताही दिसत होते. या बाईने उतरण केली नव्हती. आपण नाही म्हणालो म्हणून केली नव्हती. ती रोज सकाळी उठून, आपल्या हातांनी वाढवलेला मळा मरताना बघत बसली होती आणि हात लावत नव्हती, कारण काळ्या कोटातल्या एका मुलाने तिला तुरुंग सांगितला होता.

“थांबा,” तो कसाबसा म्हणाला. “विचारून सांगतो.” आणि म्हणाल्याबरोबर त्याला स्वतःचीच लाज वाटली, कारण हेही पुन्हा थांबाच होते.

तो तडक गुरूंकडे गेला. आणि आजवर न सांगितलेले सगळे सांगितले. तिने उतरणीचे विचारले ते, आपण काय बोललो ते, आणि आत्ता काय पाहून आलो ते. गुरूंच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा कधीच गेला होता. ते त्याच्याकडे बघत ऐकत होते.

“उतरण करू नका असं तू तिला सांगितलंस?”

“हो.”

“अहो विद्वान,” गुरू अगदी हळू म्हणाले, “कुठल्या न्यायाधीशानं उतरणीला बदल म्हटलं असतं? त्यानं म्हटलेलंच नाही. ते तू म्हटलंस. आणि तू म्हटल्यावर तिला ते न्यायाधीशानंच म्हटल्यासारखं झालं.”

शिष्य मान खाली घालून उभा राहिला. मग म्हणाला, “तुम्हाला हे आधीच दिसलं होतं, साहेब. म्हणून मला वेलींकडे पाठवलंत. मग सरळ का नाही सांगितलं?”

आता गुरूंची पाळी होती. ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले.

“मला वाटलं, तू जाशील, वाढणारी वेल बघशील, आणि धावत परत येऊन म्हणशील, साहेब, हे वाक्य चुकलं, दुरुस्त करून घेऊ. तुझं तुला समजलं तर पक्कं समजेल असं मला वाटलं. चार शब्दांत सांगायचं होतं. ते न सांगता मी कोडं घातलं. म्हातारपणी गुरू व्हायची हौस असते, ती भागवून घेतली. माझं शिकवणं चाललं होतं आणि तिकडं मळा मरत होता. तू तिच्या कामाला स्थगिती दिलीस आणि मी तुझ्या समजण्याला. दोघांनाही वाटलं, आपण थांबवलंय म्हणजे सगळं थांबलंय.”

ते खाटेवर बसले. मग म्हणाले, “स्थगिती वाईट असते असं समजू नकोस. मी आयुष्यभर मागितल्या. कोणी घर पाडायला कुदळ उचलली, तर निकाल लागेपर्यंत त्याचा हात धरावाच लागतो. नाहीतर निकाल लागेल तेव्हा घरच नसेल. पण ज्याचा हात धरायचा त्याच्या हातात कुदळ आहे की पाण्याची घागर, हे धरणाऱ्यानं आधी बघावं. तू दोघांचेही हात धरलेस. भावाच्या हातात काहीच नव्हतं. तो दुकानात बसला. आक्काच्या हातात घागर होती.”

कथेचे तात्पर्य इथे येते, आणि वहीत उतरवून घेणाऱ्यांनी इथपर्यंत उतरवून घ्यावे. पण मळ्याचे काय झाले हे ज्यांना विचारावेसे वाटते, ते वाचक मला अधिक आवडतात.

समोरच्या पक्षकाराला परस्पर सल्ला द्यायची चूक पुन्हा करायची नव्हती, म्हणून शिष्याने त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला, शेतीची नेहमीची कामे करण्यास दोन्ही पक्षांना मुभा असावी. दुसऱ्या दिवशी आदगोंडाला बोलावून त्याच्यापुढे सहीसाठी ठेवला. आदगोंडाने तो वाचला आणि परत सरकवला.

“कशाला?” तो म्हणाला. “वाळू दे की. मळा वाळला तर आक्का किती दिस बसंल तिथं? आपोआप तडजोडीला येईल.”

“तुमचाही अर्धा मळा आहे त्यात,” शिष्य म्हणाला.

“मला मळा कुठं पायजे? मला जागा पायजे. वेली काढायला पैसं पडलं असतं, ते वाचलं.” तो हे रागाने बोलत नव्हता. हिशेबाचे बोलावे तसे बोलत होता. वडिलांनी लावलेल्या वेली होत्या, लहानपणी त्यांच्याच सावलीत तोही निजला असेल.

गुरूंनी वकीलपत्र काढून घेतले. आदगोंडाने दुसरा वकील केला, तेवढ्याने त्याचे काही अडले नाही. स्थगिती होती तशीच राहिली, कारण स्थगितीला तिचा वकील सोडून गेल्याचे समजत नाही. मग गुरूंनी बाररूममध्ये आक्काच्या वकिलाला गाठले आणि जुन्या पक्षकाराचे एक अक्षरही न बोलता एवढेच म्हटले, “तुमच्या बाईंना एकदा उतरणीचं नीट विचारा.” त्या भल्या माणसाने विचारले, हुकमातला ‘कसलाही’ हा शब्द वाचून तिला परवानगी येईपर्यंत थांबा म्हणाला, आणि मुभेचा अर्ज दिला. अर्जाला तारीख पडली. समोरच्या वकिलाने म्हणणे मांडायला मुदत घेतली. न्यायाधीशांची बदली झाली. नवे न्यायाधीश आले, त्यांनी हुकूम वाचला, अर्ज वाचला आणि चष्मा काढून विचारले, “शेतीच्या कामाला मनाई केली कोणी?” आणि खरोखरच, कोणीही केली नव्हती. न्यायालयाने तिथल्या तिथे मुभा दिली.

तोवर दुसरी थंडी सरली होती. मळ्यात उतरवायला वेल उरली नव्हती.

पुढे अपिलाचा निकाल लागला. तो चंपाक्काच्या बाजूने लागला, पुरता तिच्या बाजूने. खालच्या न्यायालयाचे सगळे बरोबर होते, असे वरच्या न्यायालयाने लिहिले. ताबा द्यायच्या दिवशी न्यायालयाचा बेलिफ आला, मोजणीवाले आले, पंच आले. गुरू आणि शिष्य यांचे तिथे आता काही काम नव्हते. तरी गुरू म्हणाले, चल, आणि दोघे गेले.

उन्हात सगळे उघडे पडले होते. शेवरीची काही झाडे वठली होती, काही कोणी तरी सरपणाला नेली होती. मोजणीवाल्यांनी मधोमध दोरी धरली, दगड रोवले. पूर्वेची बाजू आक्काची, पश्चिमेची भावाची. दोन्हीकडे सारखीच माती होती. पंचनामा वाचून दाखवला गेला आणि आक्काने अंगठा दिला. लोक पायांत वहाणा घालून मळ्यात फिरत होते आणि कोणाला ते खटकले नाही.

आक्काने शिष्याला ओळखले. ती त्याच्याजवळ आली. तो मनातल्या मनात तयार झाला. ती काय बोलेल ते बोलू दे, आपण ऐकून घ्यायचे, असे त्याने ठरवले होते. गेले कित्येक महिने तो त्याच बोलण्याची वाट बघत होता.

“बघा,” आक्का म्हणाली, “तुम्ही सांगितलासा तसंच केलं मी. कशाला हात लावला न्हाई.”

ती रागावली नव्हती. तिच्या आवाजात टोमणा असता तर त्याला बरे वाटले असते. आपण कायदा पाळला, एवढे कोणी तरी मान्य करावे, इतकेच तिला हवे होते, आणि ते मान्य करण्यासारखा माणूस म्हणून तिला तोच दिसला.

“हो, आक्का,” तो म्हणाला. “तुम्ही सगळं नीट केलं.”

ती समाधानाने मान हलवून खोलीकडे गेली. पुन्हा वेली लावायच्या म्हटले तर आधी शेवरी लावून वाढवावी लागते, मग वेल, मग पान. तेवढी वर्षे तिच्याजवळ होती की नाही कोणास ठाऊक. आदगोंडाने आपली बाजू पुढच्याच आठवड्यात विकली. परतीच्या वाटेवर गुरू आणि शिष्य बसमध्ये शेजारी बसले होते, आणि गुरूंनी त्या दिवशी काही शिकवले नाही.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. गुरू क्वचितच न्यायालयात जातात. खुर्चीवर शिष्य बसतो. परवा त्याच्याकडे एक माणूस आला. दोघा भावांत घराचा वाद होता. धाकट्याच्या बाजूने निकाल लागला होता आणि हा थोरला त्या निकालाला स्थगिती मागायला आला होता.

“साहेब, असा हुकूम आणा,” तो म्हणाला, “की त्या घरात कोणी पाऊल टाकायचं नाही. भाऊ नाही, भावजय नाही, आमच्याकडचंही कोणी नाही. कुलूप लागू दे. अपील चालेल तितकी वर्षं चालेल.”

शिष्याने कागद पुढे ओढला, पेन उघडले, आणि न लिहिताच विचारले, “घरात आत्ता कोण आहे?”

“कोणी नाही. सामान आहे.”

“म्हणजे जिवंत असं कोणीच नाही?”

त्या माणसाला प्रश्न विचित्र वाटला. तो जरा चिडलाही. मग इकडेतिकडे बघत म्हणाला, “तशी आई असते आमची. मागच्या खोलीत. तिला उठता येत नाही.”

शिष्याने पेन मिटले.

“त्यांना जेवायला कोण देतं?” त्याने विचारले.

“भावजय,” तो माणूस खाली बघत म्हणाला.